घरजावई गावाचा प्रमुख होतो

बसच्या रांगेत माझ्यापुढे सासू आणि घरजावई बोलत होते.

“आई, घरांमागची दरड ढासळतेय. भिंत घालायला माणसं बोलावली, तर एकही आला नाही.”

“येतील कसे, जावईबापू? सगळे मेंढरं चारायला वर डोंगरावर गेलेत.”

“पण मी प्रमुख ना? आमच्या गावी प्रमुखाचा शब्द कुणी मोडत नाही.”

“तिथं सगळ्यांची भातशेती एकाच कालव्यावर. प्रमुख रुसला की पाणी बंद! इथं पाऊस कुणाला विचारून पडतो?”

“मग मला एकमतानं निवडलं कशाला?”

“तुम्ही बाहेरचे. आपल्यातला निवडला असता, तर त्याचं ऐकावं लागलं असतं.”

“म्हणजे? मी आता करू तरी काय?”

“उद्या आपली मेंढरं घेऊन वर जा.”

“कळपात मिसळली की आपली कुठली, तेसुद्धा मला ओळखू येत नाही.”

“मग विचारा वरच्या माणसांना. विचारलं की माणसं बोलतात, मग भिंतीचंही काढा.”