पिल्लाची आई

“‘आधी पिल्लाची आय बघा, मगच उचला,’ असं कारभारणीनं बजावलं व्हतं. तू म्हनलास, आय शिकारखान्यात दिलीया.”

सोमवार होता. बेल घेऊन मी ओंकारेश्वराच्या रांगेत उभी होते. पुढे हडपसरचा एक शेतकरी कुत्र्यांची पिल्लं विकणाऱ्या माणसाशी बोलत होता.

“जयसिंगराव, पेशव्यांच्या शिकारखान्यात माझी पिल्लं जात्यात. इस्वास नव्हता व्हय?”

“इस्वासावरच तर उचललं, मच्छिंद्रा. खरं सांग, आय कुठं व्हती?”

“मेली व्हती.”

“कशानं?”

“पिसाळून. पन पिल्लं झ्याक खेळत व्हती.”

“माझंबी महिनाभर खेळलं. मग कारभारणीला चावलं.”

“आता कशी हाय?”

“पानी बघून किंचाळायची. अवसेला गेली.”

“देवाची मर्जी.”

“देवाला कशाला मधी घेतोस? पिल्लू तू इकलंस.”

“दुसरं देऊ का? फुकट देतो.”

“नगं. उरलेली तीन कुनाला दिलीस, तेवढं सांग.”

“लोणीला, काळभोरांच्या तीन घरांत. का?”

“मरताना तिनं वचन घेतलंय, त्या घरांना सांगायचं म्हनून.”

रांग पुढे सरकली. गाभारा दहा पावलांवर होता. जयसिंगरावांनी बाहेरूनच हात जोडले आणि ते लोणीच्या वाटेला लागले.