बाबा साइड देत नाहीत

हॅलो?… हॅलो, ताई?… हव, बोल. थोडं जोरात बोल, इथी गाड्यांचा लय आवाज आहे… नाही वं, घरी कुठी, नवा रायपूरले आहो मी. बाबांसंगं… हव, तेच. त्यायच्या त्या गाड्या पळवायच्या कार्यक्रमाले.

रेस नाही, ताई. किती वेळा सांगू, रेस नाही! क्लबवाल्यांनी परवानगी काढून एक रिकामा रस्ता बंद करून घेतला. ज्याले हौस आहे त्यानं आपली गाडी आणायची अन् गोल गोल पळवायची. नंबर नाही, बक्षीस नाही… बासष्टचे झाले तर काय झालं? फॉर्म त्यायनंच भरला. म्हणे, चौतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं, रूळ नेईल तिकडं गेलो. आता एकदा आपल्या मनानं गाडी वळवून पाहतो.

काय?… नाही, मी कुठी चिडली?… बरं, चिडली. अवं, लाज आणून राहिले बाबा! पाचवा राउंड चालू आहे अन् त्यायच्या मागं तीन गाड्या तुंबल्या… साइडच देत नाहीत ना! ऐक ना, इथला नियम असा आहे, मागच्यानं मनानं घुसायचं नाही. समोरच्यानं आरशात पाहायचं, सरळ रस्ता आला की हात काढून दाखवायचा, ह्या बाजूनं जा. मंगच मागच्यानं निघायचं. अन् समोरच्याचं ध्यान नसलं तर झेंडेवाला निळा झेंडा हलवते. म्हणजे, बाबा रे, मागं कोणी आहे, जाऊ दे त्याले.

हव… तीनदा! तीनदा हलवला, ताई. ढिम्म नाही.

अच्युत भैया, जे इथलं सारं सांभाळतात ना, ते आत्ताच मले चार लोकांत बोलून गेले. "दीदी, अंकलजी को समझाइए, एक बार और हुआ तो घर भेजना पड़ेगा." मले तोंड लपवायले जागा नाही राहिली.

तेच तर मी म्हणली! इंजिनवाल्याले कोण ओव्हरटेक करते? साऱ्या जन्मात मागून कोणी आलंच नाही, तर मागं पाहायची सवय लागन कशी… हसू नको वं.

काय म्हणाली?… हव, ते खरं आहे. इंजिनात सिग्नल बोलून दाखवायची सवय, चौकातल्या लाल दिव्याले बी मोठ्यानं "लाल!" म्हणतात, माझी श्रावणी हसून हसून लोळते मागच्या सीटवर. सिग्नल तोडणारा माणूस नाही तो. पण मी डोळ्यानं पाहून राहिली ना, ताई…

थांब, आले. इकडंच येऊन राहिले. पांढरी बाबांची, तिच्या मागं लाल गाडी, भार्गव म्हणून एक पोट्टा आहे, सकाळपासून अंगात आल्यासारखा चालवून राहिला… निघाला झेंडा. हलवून राहिला… बाबा, पाहा… पाहा ना, बाबा!

गेले तसेच. हे चौथ्यांदा.

कोणत्या बाजूले म्हणजे? झेंडेवाला? डाव्या… काहून?… पहिल्या राउंडले? तेव्हा तो इकडं होता, उजवीकडं, आमच्या बाजूले. मंग ऊन तोंडावर येते म्हणून पलीकडं गेला… हव, तेव्हा दिली होती साइड. दोघांले दिली. चांगला कोपरापासून हात काढून.

…काय आठवलं, ताई?

केव्हा, दिवाळीत?… तू बाजूले चहा ठेवला, अन् त्यायचा हात लागून सांडला. मंग?… अन् दाराच्या चौकटीले खांदा आपटला… कोणता खांदा, ताई? नाही, आठव. कोणता खांदा?

डावा.

अन् हे मले काहून नाही सांगितलं?… बाबांनी सांगू नको म्हटलं म्हणून?… रडू नको. रडू नको वं, मले बी तर दिसलं होतं! दोन महिन्यांपासून गाडीचा डावा आरसा मिटलेला आहे. मले वाटलं, सदर बाजारात स्कूटरवाले ठोकतात म्हणून मिटला असंल. सारेच मिटतात ना तिथी! आज सकाळी तपासणीत अच्युत भैयांनी तो उघडला, तर बाबा म्हणाले, राहू द्या, मले त्याचं काम पडत नाही. आम्ही हसलो, ताई. हसलो आम्ही!

श्रावणीले रोज शाळेत कोण सोडते, माहीत आहे ना तुले?… हव. बाबा. त्याच सदर बाजारातून. सायकली, स्कूटरी, पोट्टे, गाई…

थांब… थांब थांब. आले परत. तो भार्गव डावीकडून घुसून राहिला. बाबांनी हात नाही दाखवला, तरी घुसून राहिला! अन् बाबा वळणासाठी तिकडंच सरकून राहिले… दिसत नाही त्यायले, ताई! अच्युत भैया! भैया, रोकिए! लाल झंडा! नहीं, उधर से नहीं, सामने जाकर दिखाइए! उनको बाईं तरफ़ दिखता नहीं! दिखता नहीं, बोल रही हूँ ना मैं!

…

हॅलो… आहो. आहो मी, पळत आली… नाही, नाही लागलं. कोणालेच नाही. भार्गवचा आरसा तुटला अन् आपल्या गाडीले मोठी खरोच पडली. समोरून लाल झेंडा दिसला तसे बाबा थांबले. काय थांबले, ताई! बरोबर रेघेवर, एक वीत इकडं नाही का तिकडं नाही.

भार्गव तणतणत आला होता, मंग बाबांचं तोंड पाहून नरमला. म्हणे, "अंकल, आपने इशारा नहीं किया था, मैं ही घुसा." बाबांनी त्यालेच हात जोडले. म्हणे, "बेटा, मैंने तुझे देखा ही नहीं."

सांगितलं मी. निळा झेंडा चारदा दाखवला, बाबा. म्हणे, "चारदा?"… मंग खालीच बसले, रस्त्यावर. मी पाणी दिलं तर पाणी नाही घेतलं. मले विचारतात, "बाई, नोकरीत असताना तर नसंल ना असं? माझ्या मागं हजार-बाराशे माणूस राहायचा."

…हव, मी तेच म्हणली. रेल्वेत डोळे तपासत होते ना तुमचे, बाबा, पास होत होते ना तुम्ही. मान हलवली. पण बोटावर वर्षं मोजून राहिले होते, ताई. मले पाहवलं नाही, मी इकडं झाडाखाली आली.

हव, उद्याच नेते डॉक्टरले दाखवायले… तू ये. जमलं तर आजच्या गाडीनं निघ… पण आता गाडीची किल्ली मागायची कशी त्यायले? तूच सांग. तूच बोलतेस का? मी फोन नेऊन देते… नाही, बरोबर आहे, मलेच बोललं पाहिजे. श्रावणी माझी आहे. जाऊन राहिली तिकडंच. तू चालू ठेव फोन.

दिसले… गाडीत बसले आहेत.

नाही वं… स्टेअरिंगवर नाही. बाजूच्या सीटवर. पट्टा लावून. किल्ली चालवणाऱ्याच्या सीटवर ठेवली अन् समोर पाहून राहिले.

नाही. कोणीच नाही सांगितलं.

ठेवते, ताई. मले चालवायचं आहे.