बिदागी न घेणारा कीर्तनवाला

आधी रहिमानभाईंचं नाव लिहा गुरुजी, माजं मागनं लिहिलं तरी चालंल. रहिमानभाई कागदी, जुन्नरचे, कागद्यांच्या आळीतले, हातानं कागद करणारे. दाढी पांढरी, बोटं सदानकदा लगद्याच्या पाण्यात राहून सुरकुतलेली. त्यांनी माज्यासाठी जे केलं ते सख्ख्या भावानंबी केलं नसतं, आनि काय केलं ते सांगायचं तर पार मागनं सुरू करावं लागतंय, तवा जरा दम धरा, मी भरकटलो तर मला वळवा.

मी शांतवन. माजा मुलूख हितला न्हाई, मोगलाईतला, जालन्याच्याबी पल्याडचा. आमी मूळचे गावकुसाबाहेरचे. दुष्काळात माजा बा मिशनच्या खडी फोडायच्या कामावर गेला, तिथंच त्यानं बाप्तिस्मा घेतला, मग आईनं घेतला, मग माजं नाव शांतवन झालं. शाळेत घातलं मला. तिसरीचं पुस्तक अर्धं झालं आनि बा तापानं गेला, शाळा तिथंच सुटली. आई म्हणाली, वाचाया येतं न्हवं, गायाला येतं न्हवं, मग झालं तर. गळा माजा बरा व्हता, तेवढं एकच देवानं सढळ हातानं दिलेलं. मिशनच्या साहेबांनी ऐकलं आनि मला जुन्नरला धाडलं, हितल्या मोठ्या उपदेशकांच्या हाताखाली. त्यांचं नाव लुकसराव. काम काय, तर एकतारी आनि चिपळ्या घेऊन गावोगाव जायचं, आपल्याच चालीत येशूची गोष्ट लावायची, कीर्तन करायचं. महिन्याला पगार. त्यातला मोठा वाटा मनीआर्डरीनं आईला जायचा, तिचं दुसरं कोणीच न्हाई.

जुन्नरात मला जागा कोणी देईना. जात विचारायचे, ख्रिस्ती म्हणलं की आधीची विचारायचे. लुकसरावांचं घर दोन खोल्यांचं आनि लेकरांनी भरलेलं. असाच एकदा रहिमानभाईंच्या दारात पाणी मागितलं तर त्यांनी पाणी दिलं, बसवलं, आनि म्हणाले, लगद्याच्या हौदाशेजारी छपरी हाय, त्यातल्या चुन्याचा वास येतो, चालंल तर राहा. फातमाभाभी, त्यांची बायको, आतनं म्हणाल्या, राहू द्या की, आपल्याकडं कोंबडा न्हाईच, पहाटं हाच आरवंल. अशी त्यांची जीभ. पण भाकरी कधी चुकवली न्हाई त्या बाईनं.

आता तुमी बिदागीचं इचारलंत त्या मुद्द्याचं. लुकसरावांचा एक कायदा व्हता. कीर्तन झाल्यावर आरतीचं ताट फिरवायचं न्हाई. बिदागी न्हाई, शिधा न्हाई, नारळसुद्धा न्हाई. ते म्हणायचे, शांतवन, हे आपल्याला कोणी इकत दिलं न्हाई, आपण कोणाला इकायचं न्हाई. ताट फिरलं की गरीब मागं सरकतो. हे मला लई पटलं, कारण मी ते डोळ्यानं पाहिलेलं. आमच्या गावात कीर्तन व्हायचं तवा आमी लांब बसायचो, आनि ताट निघालं की माजा बा आणखी लांब जायचा, ताट आमच्यापर्यंत येणारच नसायचं तरी जायचा. तवा म्या लुकसरावांना शब्द दिला, ज्या दिवशी कोणाचं घेईन त्या दिवशी मला काढून टाका.

आनि त्या शब्दानंच मला आंबेगावच्या डोंगरात अडकवलं.

त्या साली गाठीचा आजार, पलेग म्हणतात तो, खालच्या गावांतनं फिरत व्हता. तुमाला आठवत असंल, सरकारी माणसं यायची, घरावरची कौलं उतरवायची, धान्यावर वासाचं औषध ओतायची, माणसं उचलून छावणीत न्यायची. लोकांना आजारापेक्षा त्याचीच धास्ती. भात झोडून झालेलं, आनि रहिमानभाई तट्टू घेऊन आंबेगावकडं निघाले. डोंगरातल्या लोकांकडनं ते जुने अंबाडीचे दोर, फाटकी तरटं इकत घ्यायचे, ते कुटून त्याचाच लगदा व्हतो कागदाचा. मला म्हणाले, चल बेटा, तुजंबी एक कीर्तन हुईल. घोड नदीच्या वरच्या अंगाला एक वाडी, तिथला म्होरक्या दगडूबाबा, रहिमानभाईंची आनि त्याची जुनी वळख. आमी दुपारी पोचलो, रहिमानभाई दोर बघाया पलीकडच्या घरांत गेले, आनि म्या दगडूबाबाच्या अंगणात चिपळ्या धरल्या.

काय सांगू तुमाला, कीर्तन करताना माणसाला कळतं, लोक ऐकतात का न्हाई. ती माणसं बसली व्हती पण ऐकत नव्हती. हरवलेल्या मेंढराची गोष्ट मी लावली, त्यात मेंढपाळ बोलतो तिथं कुठंबी लोक हसतात, हितं कोणी हसलं न्हाई. बाया दारात उभ्या, आत कोणाला जाऊ देईनात. एक पोरगं म्हणालं, आमच्याकडं उंदीर पडलं, तर त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हातच ठेवला. उंदीर आपसूक मरून पडाया लागले की आजार घरात आला, हे तवा शेंबड्या पोरालाबी ठाऊक.

संपवलं म्या कसंबसं. तर दगडूबाबा उठला, पितळेचं ताट आणलं, त्यात नवे तांदूळ, नारळ, एक रुपया, वर दिवा. माज्यापुढं ठेवलं. म्हणाला, घे म्हाराज. म्या म्हणालो, बाबा, मी घेत न्हाई, आमचं फुकट असतं. तो म्हणाला, फुकट? मग तू जेवतोस काय? म्या म्हणालो, मिशन पगार देतं. तसा तो खाली बसला आनि सगळ्यांकडं बघून म्हणाला, ऐकलं का रं, पगारी हाय. मग मला म्हणाला, हे बघ, आमचा हरदास आमचा तांदूळ खातो म्हणून तो आमचा. वाकडं बोलला तर मी त्याला धरून विचारतो. तुजा जाब मी कोणाकडं मागायचा? तू गोऱ्याचं खातोस, तर तू गोऱ्याचं काम करणार. पलेगच्या सुया टोचणारेबी फुकटच आले व्हते.

म्या म्हणालो, मी कोणाला काही सांगणार न्हाई. तो म्हणाला, मग ताट घे. आमचं घेतलंस की तू आमचा, मग तुज्या तोंडावर आमचा इश्वास. न्हाई घेतलंस तर तू इथनं उतरत न्हाई. गडी उठून बांधाकडं जाऊन उभे राहिले, कोयते कमरेला व्हतेच. ठकूआजी म्हणून एक म्हातारी व्हती, ती म्हणाली, घे की रं लेकरा, तांदूळ का इख हाय? आनि मी हात पुढं करीना. ते ताट घेतलं असतं तर जीव सुटला असता. पण ती बिदागी नव्हती वो गुरुजी, ते माजं तोंड बंद ठेवायचं मोल व्हतं. आनि नुसती बिदागी असती तरी मी शब्द दिलेला. मनात आई.

तेवढ्यात रहिमानभाई आले, खांद्यावर दोरांचं वेटोळं. त्यांनी ताट पाहिलं, मला पाहिलं, बांधावरचे गडी पाहिले. त्यांना सांगावं लागलं न्हाई. वेटोळं खाली टाकलं आनि दगडूबाबाच्या ओट्यावर मांडी घालून बसले. म्हणाले, दगडू, ह्याला जाऊ दे, मी बसतो हितं. ह्याच्या तोंडातनं शब्द गेला आनि शिपाई आला, तर माजी मान हाय. दगडूबाबा म्हणाला, भाई, उंदीर पडलेत, मराल. हे म्हणाले, मग मी मरू नये असं वाटत असंल तर तुमीबी घरात राहू नका. आजच रानात खोपी घाला, मी दोर वळून देतो, कणग्या उनात काढा. सरकार येऊन काढणार त्याच्या आधी आपणच निघू, मग सरकारला सांगायचं उरतंच काय? दगडूबाबानं बांधावरच्या गड्यांना हातानं बाजूला केलं. मग मला म्हणाला, जा.

मी एकटा तट्टू घेऊन उतरलो. मागं वळून बघायची हिंमत झाली न्हाई.

जुन्नरला पोचलो तर फातमाभाभींनी आधी तट्टू पाहिलं, मग माज्या मागं पाहिलं, कोणी नव्हतं. म्या सांगितलं. त्या रडल्या न्हाईत. म्हणाल्या, तुज्या येशूला म्हणावं, माजा नवरा उसना नेलायस, धड परत कर. आनि भाकरी वाढली.

लुकसरावांनी बोलावलं. हिरड्याच्या व्यापाऱ्याकडनं त्यांना काही तरी कळलेलं. म्हणाले, त्या वाडीत उंदीर पडलेत का? हो म्हणावं तर रहिमानभाईंची मान, न्हाई म्हणावं तर मी देवाचं नाव घेणारा माणूस, खोटं कसं बोलू? म्या म्हणालो, मला इचारू नका. ते म्हणाले, इचारावंच लागंल. साहेबांनी कचेरीत शब्द दिलाय, आपले प्रचारक गावोगावची आजाराची खबर देतील. लोकांच्या भल्यासाठीच दिलाय शांतवन, डाक्टर वेळेवर पोचावा म्हणून.

दगडूबाबा खरं बोलत व्हता. लोकांकडनं घेत न्हाई म्हणून मी फुकट, असं मी समजत व्हतो, आनि माजं मोल आधीच कोणी तरी दिलं व्हतं, मला न सांगता. म्या म्हणालो, मग मी पगार सोडला. ह्या महिन्याचाबी नको. आता मी तुमचा माणूस न्हाई, तवा मला इचारू नका. लुकसराव तडक उठले, म्हणाले, खुळा झालायस का तू, आईला काय घालशील खायला? मला सहा लेकरं हायेत, मी काय करू, मीबी सोडू? सगळ्यांनी सोडल्यावर ह्या डोंगरात चालत कोण जाईल? ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग माज्याकडं न बघता म्हणाले, म्या माज्या प्रचारकाला इचारणार व्हतो. कागदवाल्याच्या गड्याला काय ठाऊक हाय ते इचारायचं माजं काम न्हाई. जा.

शिपाई गेला न्हाई वाडीत. लोक रानात खोपी घालून राहिले, थंडी सरत आली तवा रहिमानभाई परत आले, अंगानं अर्धे झालेले. तवर हौदातला लगदा आंबून गेलेला, कचेरीचं कागदाचं काम दुसऱ्याकडं गेलेलं. ते म्हणाले, लगदा काय, पुन्ना कुटू. फातमाभाभी मात्र महिनाभर त्यांच्याशी बोलल्या न्हाईत, माज्याशी बोलून त्यांना ऐकवायच्या. तिकडं रानातल्या खोपीत ठकूआजी गाठीच्या आजारानं गेली. एकटीच गेली, बाकी सगळे वाचले. पण डाक्टर आला असता तर ती वाचली असती का, हे मी रोज इचारतो. कोणाला इचारू? लुकसराव आता रस्त्यात दिसले तर मान हलवतात, थांबत न्हाईत.

आता मी रहिमानभाईंच्याच हाताखाली कागद घोटतो, गुळगुळीत दगडानं, दिवसभर. आईला पहिल्याएवढं जात न्हाई. तिनं निरोप धाडला, मी भागवते, तू खोकू नको. चुन्यानं खोकला लागलाय हे तिला कोणी सांगितलं देव जाणे. सवड मिळाली की मी डोंगरात कीर्तनाला जातो. दगडूबाबानं ऐकलं तवा म्हणाला, पगार सोडला? आनि ताटबी घेत न्हाईस? अरं मग तू हायेस तरी कोणाचा? म्या म्हणालो, तेच शोधतोय बाबा. तो लई हसला. आता जेवायच्या वेळंला पोचलो तर वाढतात, मी जेवतो, पावण्यासारखा. आनि माजं काही चुकलं तर तो मधीच थांबवून इचारतो, कीर्तन चालू असताना. त्यानं माजं कीर्तन सुधारलं म्हणा. उपदेशकानं पैका घ्यावा का न्हाई, तुमी इचारलंत गुरुजी, तर मला अजून धड ठाऊक न्हाई. मला एवढंच कळतंय की कोण देतंय आनि कशासाठी, हे घेणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

रहिमानभाईंना म्या एकदा म्हणालो, भाई, हे मी कसं फेडू? ते म्हणाले, तू तुज्या गोष्टीचं काही घेत न्हाईस न्हवं, मग मी माज्या बसण्याचं कसं घेऊ? असं म्हणून दगड माज्या हातात दिला, घोट म्हणाले. पण तुमी लिहून ठेवा, त्यांना वाचून दाखवू नका. त्यांच्यावर, न्हाई तर फातमाभाभींवर, त्यांच्या लेकराबाळांवर कधी तरी अशी वेळ येईल की कोणी तरी मान पुढं करून ओट्यावर बसाया पाहिजे. मी मोगलाईत असलो, आईपाशी असलो, कुठंबी असलो तरी येईन. तवा तिथं मी बसंन.