पाचशे शब्दांत सांगा

...आणि वर प्रवेशाच्या अर्जात विचारतात कसे, तर म्हणे, या क्षेत्राकडे तुम्ही का वळलात ते पाचशे शब्दांत सांगा. पाचशेएकावा टाकला की ते संगणकातलं खोकं लाल होतं, आणि तुम्हाला सांगतो, माझी भाची त्या लाल खोक्यासमोर आठ दिवस बसली होती, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन! स्पीच थेरपीच्या मास्टर्सला जायचंय पोरीला. म्हणजे जे अडखळतात, आजारात ज्यांची वाचा गेली, त्यांना बोलतं करायचं. आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं, ती भाषणं ठोकायला शिकणार आहे. वाटू दे.

मुळात ती या वाटेला लागली कशी? वडिलांमुळे, म्हणजे आमच्या दाजींमुळे. दाजी शिंपी. गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावली की तोंड सुरू, ते शर्ट अंगात चढेपर्यंत बंद नाही. तीन वर्षांपूर्वी दुकानातच झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, फक्त शब्द हाताला लागत नाही. थेरपिस्टबाई आठवड्यातून दोनदा यायच्या, उरलेले पाच दिवस ही पोरगी त्यांना घेऊन बसायची, चित्रांची कार्डं दाखवत... कप, कात्री, खिडकी. बाईंनी एकच बजावलं होतं, त्यांचा शब्द तू पुरा करायचा नाहीस, थांबायचं. थांबली. चार महिन्यांनी पहिला शब्द आला. कोणता? गाढव! हात पिरगाळून व्यायाम घेणाऱ्या माणसाला. बहीण माझी आनंदानं रडली. अर्ज भरायच्या वेळी दाजींकडे मोजून अकरा शब्द होते. अकरा. आणि हिला सांगतात, पाचशे शब्दांत सांगा.

बरं, तेवढ्यावर भागतंय का? शिफारसपत्रं हवीत. कॉलेजातल्या सरांकडे गेली, तर सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. आता स्वतःची आरती स्वतः ओवाळायची म्हणजे किळस येते हो, पण लिहिलं बिचारीनं, मेहनती आहे, रुग्णांशी संयमानं वागते. सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाले, "स्तुती जरा जास्त झालीये. मी काही तुला एवढं ओळखत नाही." आणि 'संयमानं' खोडलं!

मग कुणीतरी एका मार्गदर्शकाचं नाव सुचवलं. अर्ज घासूनपुसून देतो म्हणे. काचेची केबिन, दोन प्लास्टिकची रोपं, आणि हा गृहस्थ खुर्चीत गोल गोल फिरत हिचा मजकूर वाचतोय.

"गाढव? छे छे. पहिला शब्द 'बाळ' करू. समितीच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. आणि वडिलांनी तुझा हात घट्ट धरला, असं टाक."

"त्यांचा हात चालत नाही."

"मग डावा धरू दे."

शिसारी आली तिला. पण शेवटची तारीख दोन दिवसांवर, डोकं बधिर झालेलं... केलं तसंच. बाळ टाकलं, डावा हात टाकला, बरोब्बर पाचशे. खोकं लाल झालं नाही.

पाठवायच्या आधी म्हणाली, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना तरी ऐकवावं. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी दाजींना बसवलं आणि वाचलं सगळं. 'बाळ' आलं तशी दाजींनी मान वर केली. ओठ हलायला लागले. काहीतरी शोधत होते, सापडत नव्हतं, कपाळावर घाम. तिला कळलं होतं काय येतंय ते, पण ती थांबली. मिनिटभर तरी थांबली.

"खोटं," दाजी म्हणाले.

तुम्हाला सांगतो, हा शब्द त्या अकरांत नव्हता. बारावा! पोरगी अर्धी खूश, अर्धी शरमेनं मेलेली. उठून सगळं पुसलं आणि झालं तसं लिहिलं, गाढवासकट. तीनशे दहा शब्द झाले. म्हणाली, एवढंच घडलंय, उरलेले एकशे नव्वद कुठून आणू?

मुलाखतीला बोलावलं. समोर तीन तज्ज्ञ, तिघंही वाचेवरचे. मधल्यांनी विचारलं, रुग्ण शब्द शोधत असेल तर तुम्ही किती वेळ थांबाल? ही म्हणाली, "मी..." आणि तेच म्हणाले, "दहा सेकंद. निदान दहा सेकंद थांबायचं असतं." पुढचा प्रश्न! असे सात प्रश्न झाले. सातांची उत्तरं त्यांनीच दिली, आणि तरी हिचं नाव लागलं प्रतीक्षा यादीत, चौथं. आता ती उत्तरं कुणाची चुकली, तुम्हीच सांगा.

दीड महिना गेला. तिनं आशा सोडली, दवाखान्यात मदतनिसाचं काम धरलं. आणि परवा भर दुपारी फोन. एक जागा रिकामी झाली आहे, आपण प्रवेश घेणार का? पोरीनं घसा साफ केला, आईला खुणेनं बोलावलं, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "हो, घेणार."

तिकडून गोड आवाज, "क्षमस्व, आपलं बोलणं समजलं नाही."

पुन्हा म्हणाली. पुन्हा क्षमस्व. तिसऱ्यांदा म्हणाली, तर म्हणे, कृपया बोलू नका, होकारासाठी एक दाबा.

माणसांना बोलतं करणारा विभाग हो तो... काय करणार? दाबलं.