यशूची आई

(कर्वेनगरमधलं ब्लाउज शिवायचं दुकान. शटर आतून ओढलेलं. बाहेर गलका.)

कांताबाई: तिथंच थांबायचं. पोरीच्या जवळ यायचं न्हाई.

शर्मिला: अहो, माझी मुलगी आहे ती. पाच वर्षांची आहे, घाबरलीय.

कांताबाई: ती तर म्हनती, ही माझी आई न्हाई. वरडतच आत शिरली. मागनं तुम्ही, तुमच्यामागं मानसं, पोरं पळवनारी धरा म्हनत. म्हनून शटर ओढलं.

शर्मिला: रिक्षातून उतरताना अडकून माझा विग निघाला. तिनं मला असं कधी पाहिलंच नव्हतं.

कांताबाई: पोटच्या पोरीनं?

शर्मिला: झोपतानाही रुमाल बांधते मी. हा बघा, मोबाइलमध्ये आमचा फोटो.

कांताबाई: ह्या बाईला तर एवढे केस हायत.

शर्मिला: तोच तो विग.

कांताबाई: बाईमानूस उगं टक्कल करतंय व्हय? ओळखू येऊ नये म्हनून करत्यात, असं बाहेरचे म्हनत्यात. मला तरी काय ठावं.

शर्मिला: आजारानं गेले हो केस. सासूबाई म्हणाल्या, कुणाला दिसू देऊ नकोस, लेकराला तर नाहीच. शटर वाजवताहेत. आत शिरतील का ते?

कांताबाई: पोलिसांना फोन केलाय. तवर मी एकटी काय करनार?

शर्मिला: यशू, बाळा…

यशू: तू माझी आई नाहीस.

शर्मिला: बरं. मी जवळ येत नाही. इथूनच बोलते.

यशू: आईचे केस कुठे ठेवलेस तू?

शर्मिला: ते विकत आणलेले होते गं. रस्त्यावर पडले. माझे खरे तू लहान असतानाच गळाले. तुला भीती वाटेल म्हणून लपवत राहिले.

यशू: परत बोल. मी डोळे मिटते.

शर्मिला: काय बोलू? डब्यातली भाजी तशीच आणलीस म्हणून मी रागावले. रिक्षात तू माझ्याशी बोलतच नव्हतीस.

यशू: डोळे मिटले की तू आईच आहेस.

शर्मिला: आता उघड. हळूच.

यशू: …दुखतं का तिथे?

शर्मिला: नाही गं.

कांताबाई: गाडी आली वाटतं पोलिसांची. ही घ्या ओढनी, डोकं झाका. मग शटर उचलते.

शर्मिला: घाईत गाठ बसत नाहीये. बांधून द्याल?

यशू: नको ना, आई.

शर्मिला: बाहेर लोक आहेत, यशू. मला भीती वाटते त्यांची.

यशू: थांब. माझं बघून झालं नाही अजून.