संथ केलेली कॅसेट

मला हे नीट आठवतंय की मीच भर घातली, सांगता येत नाही. एका गायिकेची एकच कॅसेट निघाली होती. शब्द, चाल तिचीच. तिला मात्र कुणी पाहिलं नव्हतं. मुलुंडच्या विनय या तरुण गायकासाठी मी त्या गाण्यांची नवी मांडणी करत होतो. त्याच्या घरी कॉम्प्युटरवर, त्याच्या पट्टीत आणायला गाणं संथ केलं, तर बाईचा पुरुष झाला.

विनय दचकला. "काका, हा तर माझा आवाज! मी कधी गायलो हे?"

आतून त्याची आई धावत आली. "बंद कर रे ते! तुझा बाप तुझ्या जन्माआधीच वारला, सांगितलंय ना?"

बापाचा विषय कुणीच काढला नव्हता.

बऱ्याच वर्षांनी मालाडला त्या कॅसेटचा रेकॉर्डिस्ट भेटला. म्हणाला, "आवाज बारीक करा, घरच्यांनी ओळखता कामा नये, असं तो गाणाराच म्हणाला होता."

मी कॅसेटचं साल पडताळलं. तेव्हा विनय पाचवीत होता.