लाल दोऱ्याचे वस्तरे

मंडळी, सुमनवहिनी, एवढ्या उन्हात तुम्ही सगळे आलात. या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय. खरं सांगतो, निम्मा दुःखानं उभा आहे आणि निम्मा संतापानं.

आपले प्रभाकरराव गेले. माझा प्रभाकर गेला. आमची घरं भिंतीला भिंत लागून. निवृत्त झाल्यावर त्यानं जुने वस्तरे जमवायला घेतले, तेव्हा मीच हसलो होतो. ‘काहून गा, सलून टाकतो का?’ तो म्हणायचा, ‘एकदा यानं दाढी करून पाय, मंग बोल.’

मोबाइलवरून मागवलेले काही वस्तरे फसवे निघाले. ‘विलायती, जुना, न वापरलेला’ असं लिहिलेलं. फोटोत चकाचक. प्रभाकर पात्याला नखानं टिचकी मारायचा. चांगलं पातं वाजतं. हे वाजायचं नाही. पॉलिशखाली तडा! फोटोला कुठून टिचकी मारणार? असा वस्तरा तो परत पाठवत नसे. दुसऱ्याच्या गळ्यात मारतील, म्हणायचा. मुठीला लाल दोरा बांधून पेटीत ठेवायचा. लाल दोरा म्हणजे खोटा. घरात कोणी चुकून गालाला लावू नये म्हणून.

हे वस्तरे विकणारे सद्गृहस्थ आज इथं आहेत. गिरीशबाबू. पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा कुर्ता. सगळ्यात मोठा हार यांचाच. बसा, बसा. एवढ्यात उठू नका.

धंतोलीच्या दवाखान्यात हे काटोलची संत्री घेऊन आले होते. प्रभाकरला सलाइन लागलेलं, संत्री खाणार कोण? म्हणाले, ‘काका, पेटी मले द्या, चांगल्या घरी देतो.’ जसे काही पोरी उजवायला निघालेत! प्रभाकर म्हणाला, ‘ने. विकून येतील ते पैसे तुह्या काकूले दे, तिले तेवढाच आधार. पण लाल दोरा सोडू नको गा.’ ‘नाही सोडत, काका.’ मी खाटेशेजारीच होतो.

काल माझ्या मुलीनं जाहिरात दाखवली. सगळे वस्तरे ओळीनं मांडलेले. एकाही मुठीला दोरा नाही. आणि एका तडा गेलेल्या वस्तऱ्याखाली काय लिहिलंय? ‘दिवंगत प्रभाकरराव रोज यानंच दाढी करत.’ यांनीच त्याला ‘न वापरलेला’ म्हणून विकला होता हो! तोच आता रोज वापरलेला झाला. मेलेल्या माणसाला साक्षीला उभं केलं. तो काही उठून नाही म्हणणार नाही, एवढीच यांची हिंमत.

मी फोन केला. म्हणतात, ‘भाऊ, दोऱ्यानं फोटो खराब दिसून राहिला होता.’ वा रे वा! फोटो खराब दिसून राहिला होता तुम्हाले? आणि आरशात काय दिसते, गिरीशबाबू?

उद्या कोणी हौशी माणूस प्रभाकरच्या नावावर भरवसा ठेवून तो वस्तरा गळ्याला लावेल. रक्त निघेल. शिव्या कोणाला देईल? प्रभाकरला. ज्यानं असा एकही वस्तरा लाल दोऱ्याशिवाय दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही, त्या प्रभाकरला. मला हे सहन होत नाही, मंडळी.

वहिनींनी पेटी परत मागवून घेतली. ती बघा, फोटोसमोर. शेजारी लाल दोऱ्याचं रीळ आहे. या, गिरीशबाबू. कोणते खोटे, हे तुम्हाला टिचकी न मारताही ठाऊक आहे. बांधा.

दोन मिनिटांच्या मौनासाठी आपण सगळे उभे राहू. आज घड्याळ लावायचं नाही. यांची शेवटची गाठ बसेपर्यंत कोणी बोलायचं नाही.